उंबरा ते उंबरा

“विमान अगदी दारापर्यंत येतं, की नाक्यावर जाऊन उभं राहायचं?” आईने फोनवर विचारलं आणि ठकीच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी तसाच अडकला.

“कसलं विमान?”

“कसलं काय बाई! अक्काकडे जायचं. तूच नाही का म्हणालीस, बावन्न मिनिटं लागतात म्हणून? पेटी भरून झाली माझी. अक्काला कळवलंसुद्धा. ती म्हणते, डावा डोळा तर गेलाच, उजव्यात थोडा उजेड शिल्लक आहे तोवर ये, तुझं तोंड बघून घेते. डॉक्टर म्हणाला म्हणे, तो उजेडही महिनाभर टिकला तर खूप. तर वार कुठला ते सांग, म्हणजे शेजारणीकडे किल्ली द्यायला बरं. आणि उशी चालते ना गं विमानात? दुसऱ्याच्या उशीवर मला झोप नाही लागत.”

“बावन्न मिनिटांत कशाला झोपतेस?” ठकीच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर तिला कळलं की आपण काय करून बसलो.

“तेही खरंच,” आई खूश होऊन म्हणाली. “पण अक्काकडे लागेल की.”

साहेब बोलावतायत असं धडधडीत खोटं सांगून ठकीने फोन ठेवला. साहेब कुणाला बोलावत नव्हते. ते काचेच्या खोलीत बसून टाचणीने कान कोरत होते. पलीकडच्या टेबलांवर माणसं माना खाली घालून बसली होती, पंखा नेहमीसारखा एका बाजूला कलून फिरत होता, आणि ठकी मात्र न प्यायलेल्या चहाचा कप तसाच धरून बसली होती.

ठकी म्हणजे कुणी लहान मुलगी नव्हे. सत्तेचाळिशीची बाई, जिना चढताना गुडघे कुरकुरणारी, लग्नाला आलेल्या मुलीची आई. कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणत. पण लहानपणी जिथे बसवावं तिथे ती बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून आईने ठकी म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि खोटं काय होतं त्यात? याच खुर्चीवर तिला कुणीतरी बसवलं होतं आणि ती बसून होती. कंपनीचा धंदा अंतरांचा. कुणीही कुठलीही दोन गावं टाकावीत आणि पडद्यावर लगेच उत्तर यावं: सरळ रेषेत इतके किलोमीटर, विमानाने इतका वेळ. त्या गावांत विमानतळ आहे का, विमानतळ राहू द्या, धड रस्ता तरी आहे का, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नव्हतं. ते अंतराला वेगाने भागायचं, उडायला आणि उतरायला म्हणून अर्धा तास वर घालायचं आणि मोकळं व्हायचं. ठकीचं काम खुणेचं. मोठ्या शहरांच्या खुणा आधीपासूनच होत्या. पण बारक्या, कडेच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या गावांचा मध्य कुठे धरायचा हे यंत्राला कळत नसे. मग ठकीने आकाशातून काढलेला फोटो उघडायचा, छपरं चाचपडत फिरायचं, टपाल कचेरी सापडली तर तिच्यावर आणि नाही तर चार रस्ते मिळतात तिथे लाल ठिपका टोचायचा. झालं गाव. त्या ठिपक्यापासून त्याची सगळ्या जगापर्यंतची अंतरं ठरायची. इतकी गावं तिने टोचली होती, आणि त्यातल्या एकातही ती कधी पाऊल ठेवायला गेली नव्हती.

दोन सोडून. आणि त्या दोनांत तिने लबाडी केली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी आईचं गाव समोर आलं तेव्हा टपाल कचेरी तिला स्वच्छ दिसत होती. पण तिचं बोट पुढे गेलं, विहिरीवरून वळलं, आणि गंजक्या पत्र्याचं आईचं घर ओळखीचं हसल्यासारखं दिसलं. ठकीने इकडेतिकडे बघितलं आणि ठिपका आईच्या उंबऱ्यावर टोचला. पुढे कधीतरी मावशीचं, म्हणजे आईच्या अक्काचं, गाव आलं. तिथे ती लहानपणी एकदाच गेली होती, आईच्या मांडीवर आणि बाबांच्या खांद्यावर, पण उतारावरचं ते शेवटचं घर आणि दारासमोरची जनावरांच्या पाण्याची दगडी डोणी तिच्या डोळ्यांत राहिली होती. फोटोत डोणी दिसली. ठिपका टोचला मावशीच्या उंबऱ्यावर. तेव्हापासून जगात कुणीही, कुठूनही, त्या गावाचं अंतर विचारलं की त्याला आईच्या दारापर्यंतचं अंतर मिळायचं, आणि याचा ठकीला इतका आनंद व्हायचा की कधी कंटाळा आला तर ती उगाच लांबची लांबची शहरं टाकून ती सगळी आईच्या दाराशी आणून उभी करायची. स्वतः मात्र जायची नाही. आधी वर्षातून एकदा जायची, मग मुलीच्या परीक्षा आल्या, मग गुडघे आले, मग नुसतंच राहून गेलं. लांब आहे ना.

लांब आहे. हा शब्द त्यांच्या घरात देवासारखा होता. त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. लहान असताना आई सुट्टीच्या तोंडावर म्हणायची, अक्काकडे जाऊन येऊ या का हो, आणि बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, लांब आहे. मध्ये डोंगर, डोंगरापलीकडे नदी, नदीवरचा पूल एका पुरात वाहून गेला तो गेलाच. मावशीचे यजमान वारले तेव्हा आई दोन दिवस चुलीपाशी बसून होती, रडली नाही, बोलली नाही, फक्त मधूनच भांडं आपटायची. लांब आहे, पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, असं बाबांनी समजावलं होतं. मग बाबाच गेले, आणि मावशीचा निरोप आला, यायला हवं होतं पण लांब पडतं. दोघी बहिणींनी एकमेकींना माफ केलं, कारण अंतरावर कोण रागावणार? पण ठकीला आठवत होतं, त्या निरोपानंतर आईने अक्काचं नाव काढणं कमी केलं होतं. नाव काढलं की थोडं थांबायची, गरम भांड्याला हात लावण्याआधी थांबतात तशी. आणि मग त्या दिवशी फोनवर, इकडचं तिकडचं झाल्यावर, आईने सहज विचारलं होतं, “तुझ्या त्या यंत्रात अक्काचं गाव आहे का गं? इथून किती लांब दाखवतं?” ठकीच्या समोर पान उघडंच होतं. तिने दोन्ही नावं टाकली आणि दिवसभर वाचते त्याच आवाजात वाचून टाकलं: दोनशे नव्वद किलोमीटर, विमानाने बावन्न मिनिटं. पलीकडून आई म्हणाली, “एवढंच?” त्या “एवढंच”मध्ये काय होतं ते ठकीने ऐकलं नाही, कारण तेवढ्यात साहेबांनी खरंच बोलावलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. “सासूबाई म्हणजे कमाल आहे! विमान नाक्यावर!” मग बायकोचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय असायचा. “अगं, त्यात काय एवढं? विमान रद्द झालं म्हणून सांग. विमानं काय, रोज रद्द होतात. त्यांना वाईटही वाटणार नाही आणि तुझीही मान सुटेल.” आणि गंमत म्हणजे ठकीला ते पटलं. भाजी चिरता चिरता ती मनात वाक्य जुळवायला लागली. आई, विमान रद्द झालं बघ. आईने विश्वास ठेवला असता. आईने पेटी उघडली असती, घडीचे कपडे पुन्हा कपाटात ठेवले असते, उशी जागेवर टाकली असती आणि अक्काला फोन केला असता: विमान काही नाही गं आता, आणि तसं लांबच आहे. ठकीच्या हातातली सुरी थांबली. म्हणजे यापुढे तो शब्द बाबांचा नाही. आपला. बाबांनी निदान वर्तमानपत्राआडून म्हटला होता. आपण बावन्न मिनिटांची लालूच दाखवून म्हणणार. तिला स्वतःचा राग आला, बाबांचा आला, त्या वाहून गेलेल्या पुलाचा आला, आणि समोर उपाय सांगून निवांत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याचा तर फारच आला.

“मी नेणार आहे तिला,” ती म्हणाली.

“कशाने?”

“जे मिळेल त्याने. तू भाजीला फोडणी दे.”

साहेबांनी रजेवर सही करताना आपला विनोद केलाच. “काय मॅडम, आपल्याच विमानाने निघालात वाटतं?” ठकी हसली नाही. एवढी वर्षं त्यांच्या प्रत्येक विनोदाला हसत आलेली बाई हसली नाही म्हणून साहेबांनीच जरा गडबडून रजेचे दोन दिवस वाढवून दिले.

आई उंबऱ्यावर बसली होती. शेजारी पेटी, पेटीवर उशी, उशीला धुतलेला अभ्रा. गाडीने रात्र काढून आलेली ठकी विहिरीपाशी वळली तेव्हा तिला आधी तो पत्रा दिसला, फोटोतल्यापेक्षा जास्त गंजलेला, आणि मग त्याखालची आई, तिच्या आठवणीतल्यापेक्षा बरीच लहान. फोटोत माणसं दिसत नाहीत हे तिला माहीत होतं. पण छपराखाली माणूस दरवर्षी थोडं थोडं आटत जातं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आई उठली, हात कपाळाशी धरून तिच्या मागे बघायला लागली, जणू मुलीच्या पाठोपाठ विमानही वळण घेऊन येईल. ठकीने ठरवलं होतं की चहा होऊ द्यायचा, मग सांगायचं. पण ते बघणं बघून तिला राहवलं नाही.

“आई, विमान नाही.”

“आज नाही?”

“कधीच नाही. तिथे विमानतळ नाही, इथे नाही. ते यंत्राचं गणित असतं नुसतं. पक्ष्याने सरळ उडायचं म्हटलं तर किती, तसं. मी वाचून दाखवलं आणि तुला वाटलं…”

आई पुन्हा खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उशीवरचं न दिसणारं काहीतरी झटकलं. “मला वाटलंच होतं,” ती हळूच म्हणाली. “इथे आकाशात कधी विमान बघितलं नाही मी. शेजारीण तर हसलीच. पण म्हटलं, तू त्याच कामात आहेस, तुला ठाऊक असणार. आणि अक्काला इतका आनंद झाला गं… तिने विचारलं, खरंच बावन्न मिनिटं? मी म्हटलं, माझी ठकी खोटं नाही बोलायची.” मग पेटीच्या कडीला हात घालत म्हणाली, “जाऊ दे. लांबच आहे ते.”

“उघडू नकोस पेटी,” ठकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “शेजारणीकडे किल्ली दे. बस कुठून सुटते?”

बसमध्ये आईला उलट्या झाल्या. डोंगराच्या पहिल्या वळणाला एक, मग दर वळणाला. ठकी तिचं कपाळ धरून बसली होती, दुसऱ्या हाताने उशी सांभाळत, आणि खिडकीबाहेर तिने टोचलेली गावं एकामागून एक येत होती. हे गाव तिने पाण्याच्या टाकीवर टोचलं होतं. टाकी ओसाड पडलेली होती आणि सगळं गाव लांब एका टायरवाल्याच्या दुकानापाशी जमलेलं. त्या गावाचे चार रस्ते तिने शोधून काढले होते, ते रस्ते नव्हतेच, पाण्याचे ओहोळ होते. पडद्यावर हा सगळा डोंगर म्हणजे नखाएवढा तपकिरी डाग होता, त्याच्यावरून रेषा सुळकन निघून जायची. इथे बस रडतकुढत वर चढत होती, पुन्हा खाली उतरत होती, आणि एकदा तर ठकीने बघितलं, अर्ध्या तासापूर्वीची टायरवाल्याची पाटी दरीच्या पलीकडे अगदी समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ दिसत होती. तिला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं आपण काय मोजत होतो? आईने मान वर करून विचारलं, “आलं का गं?” ठकी म्हणाली, “आलंच.” ते खोटं होतं, पण बसमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी बोललेलं खोटं होतं.

नदीपाशी मात्र सगळं अडलं. पुलाचे दोन खांब तेवढे पाण्यात उभे होते, कान उपटलेल्या भांड्यासारखे, आणि नावाडी होडी काठावर ओढून तिच्या सावलीत पाय पसरून बसला होता. पाणी चढलंय, म्हणाला. आज नाही, उद्याही सांगता येत नाही, बघू. ठकीने विनवलं, दुप्पट भाडं देते म्हटलं. तो म्हणाला, बाई, पाण्याला भाड्याशी काय करायचंय. त्याचंही बरोबर होतं. आई दगडावर बसली होती, चेहरा पांढराफटक, पदराने तोंड पुसत. “ठके,” ती म्हणाली, “परत फिरू या. तू प्रयत्न केलास, खूप झालं. अक्काला मी सांगेन काहीतरी. कळेल तिला. लांब आहे, तिलाही माहीतच आहे की.”

ठकीने पेटी होडीच्या तोंडाशी नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसली. तिला एकदम अगदी बरं वाटायला लागलं. बसायचंच ना? ते तर आपल्याला येतं. लहानपणी बसवलं तिथे बसलो, कचेरीत बसवलं तिथे बसलो. आता ही जागा आपण आपली निवडली आहे, बघू कोण उठवतं. पाणी समोरून जात होतं, गढूळ, फांद्या घेऊन. पलीकडचा काठ दिसत होता, तिथे एक माणूस जनावराला पाणी पाजत होता. रेषेने बघितलं तर हे काही नाही, बोटाची रुंदी. आणि याच बोटाच्या रुंदीपाशी येऊन बाबा थांबले, मावशी थांबली, आई आयुष्यभर थांबली. नावाड्याने थोडा वेळ बघितलं. मग त्याने विचारलं, “बाई, असं किती बसणार?” ठकी म्हणाली, “पाणी उतरेपर्यंत. नाही उतरलं तर तुमची होडी काढताना आधी मला काढावं लागेल.” नावाडी आईकडे बघून म्हणाला, “आजी, ही कायम अशीच का?” आणि त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. “कायम,” आई म्हणाली. “ठकी आहे ती. बसली की बसली.” त्या रात्री नावाड्याच्या बायकोने दोघींना घरात जागा दिली. आई आपल्या उशीवर गाढ झोपली आणि ठकी पाण्याचा आवाज ऐकत पडली. सकाळी पाणी वीतभर उतरलं होतं. वीतभर पुरे नव्हतं, पण नावाड्याने पेटीवर आधीच येऊन बसलेली बाई बघितली, कपाळावर हात मारला आणि होडी लोटली.

पलीकडे एक मालाचा टेम्पो मिळाला, पोत्यांवर बसून. टेम्पोने फाट्यावर सोडलं. तिथून उतार चालायचा होता, आणि काल कुणीतरी सगळा रस्ता नांगरून ठेवल्यासारखा चिखल होता. पेटी ठकीच्या डोक्यावर, उशी आईच्या काखेत. ठकीचे गुडघे प्रत्येक पावलाला शिव्या देत होते. आई मध्येच थांबायची, श्वास घ्यायची आणि ठकी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणायची, “चल.” आता तीच पुढे होती. शेवटचं वळण आलं आणि दगडी डोणी दिसली. कोरडी, फुटलेली, पण तीच. ठकीला वाटलं, इथे माझा लाल ठिपका असायला हवा, निदान जमिनीला भोक तरी. काही नव्हतं. उंबरा होता आणि उंबऱ्यावर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, तोंड रस्त्याकडे, पण मान जराशी भलत्याच बाजूला वळलेली.

“कोण?” म्हातारीने विचारलं. पावलं थांबल्यावर तिने मान वाकडी करून ऐकलं, आणि तिचे हात आपोआप पुढे आले. “आलीस?”

“आले, अक्का.”

आई पुढे जाऊन तिच्यासमोर बसली. दोघींनी एकमेकींचे दंड धरले. ठकी पेटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली, उतरवायचं सुचलंच नाही. मावशीचे हात बहिणीच्या खांद्यांवरून, मनगटांवरून, मांडीवर पडलेल्या ओल्या, चिखलाने जड झालेल्या पदरावरून फिरले आणि तिथे क्षणभर थांबले. बोटांनी चिखल चोळून बघितला.

“किती वेळ लागला गं?” मावशीने विचारलं.

आईने एकदा ठकीकडे बघितलं. “बावन्न मिनिटं,” ती म्हणाली.

“हो का?” मावशी म्हणाली. “म्हणूनच. आवाज ऐकला मी मघाशी, वरून. म्हटलं, आली.”

आकाश रिकामं होतं. दोघीही काही हसल्या नाहीत. मावशीने चिखलाची बोटं आपल्याच कपड्याला पुसली, बहिणीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उजव्या बाजूने आपल्या डोळ्यापाशी आणलं, इतकं जवळ की दोघींची नाकं लागली. “अशी उजेडाकडे वळ,” ती म्हणाली. “आणखी. हं.” मग बराच वेळ ती बघत राहिली, कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, गाल बघितले, जे काही उजेडात उरलं होतं ते सगळं बघून घेतलं.

“केवढी म्हातारी झालीस गं,” ती म्हणाली.

“लांबून आले ना, अक्का,” आई म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं रडू तिला तिथे त्या उंबऱ्यावर फुटलं.